व्हेर्चेल्लीसाठी : भाताच्या प्रदेशातील एका फुटबॉल-संघाचा इतिहास

इंग्रजी साहित्याच्या विद्यार्थ्याला व्हेर्चेल्ली हे नाव परिचित असते ते एका हस्तलिखितामुळे. १०व्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये लिहिलेली एक पोथी उत्तर इटलीतील या नगराच्या कॅथीड्रलच्या ग्रंथसंग्रहात शतकानुशतके पडून होती. तीत २३ गद्य प्रवचने आणि ६ कविता आहेत. १८२२ साली फ्रीडरिश ब्लूमे या जर्मन विद्वानाला ती आढळली, आणि प्राचीन इंग्रजी काव्य ज्या चार प्रमुख पोथ्यांमुळे आपल्यापर्यंत पोचले त्यांत तिची गणना होऊ लागली. रोमच्या यात्रेला निघालेल्या कुणा इंग्रज प्रवाशाबरोबर ती येथवर आली असावी, असा तर्क केला जातो. एवढे सांगून वर्गातील व्याख्यान पुढच्या मुद्द्याकडे वळते आणि व्हेर्चेल्ली हे गाव आपल्यापुरते तिथेच संपते.

इटलीत मात्र या नावाबरोबर आठवते ती पांढऱ्या सदऱ्यांची एक फुटबॉल-चमू. ‘प्रो व्हेर्चेल्ली’ या संघाने १९०८ ते १९२२ या काळात सात वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळविले. रोमा, लात्सिओ आणि नापोली या मोठ्या शहरांच्या संघांपैकी एकालाही आजवर हा आकडा गाठता आलेला नाही. १९३५ साली हा संघ पहिल्या श्रेणीतून खाली उतरला आणि त्यानंतर तो तेथे कधीच परतला नाही.

या संघाचा इतिहास बहुतेक वेळा विलापिकेच्या सुरात सांगितला जातो. गावातली घरची पोरे, पैशाचा स्पर्श न झालेला खेळ, आणि मग शहरांतून आलेला पैसा व त्याने केलेला सर्वनाश, असा तो साचा आहे. साहित्याच्या अभ्यासकाला हा साचा ओळखू यायला अडचण पडू नये. गावाच्या निरागसपणाची आणि शहराच्या पापाची कथा कोणत्याही भाषेत याच वळणाने जाते. ती सर्वस्वी खोटी आहे असे आम्हांला म्हणायचे नाही. परंतु प्रो व्हेर्चेल्लीच्या बाबतीत ती तीन-चार ठिकाणी अडखळते, आणि ज्या ठिकाणी ती अडखळते तेथेच खरा इतिहास सुरू होतो, असे आम्हांला वाटते.

प्रथम स्थळाविषयी. तुरिन आणि मिलान या दोन महानगरांच्या मध्ये, सेझिया नदीच्या काठी हे नगर वसलेले आहे. सभोवार दूरवर सपाट भातशेती. पो नदीचे पाणी या प्रदेशात खेळविणारा काव्हूर कालवा १८६३ ते १८६६ या काळात खोदला गेला आणि भात हेच येथील मुख्य पीक ठरले. वसंतात खाचरे पाण्याने भरली की सारा मुलूख बांधांनी चौकटी पाडलेल्या समुद्रासारखा दिसतो. २०व्या शतकाच्या आरंभी नगराची वस्ती ३०,००० च्या आसपास होती. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. इटालियन फुटबॉलच्या परिभाषेत लहान गावाच्या संघाला ‘प्रोव्हिंचाले’, म्हणजे प्रांतिक, म्हणतात. पण व्हेर्चेल्लीने आपली सातही विजेतेपदे मिळविली तेव्हा ते प्रांताचे मुख्य ठाणेसुद्धा नव्हते. १८५९ पासून ते शेजारच्या नोव्हारा प्रांतात मोडत होते. व्हेर्चेल्लीचा स्वतंत्र प्रांत झाला तो १९२७ साली. तोवर संघाचे वैभवाचे दिवस सरले होते.

संघाच्या नावातील ‘प्रो’ हे लॅटिन अव्यय आहे. त्याचा अर्थ ‘साठी’. १८६१ च्या एकीकरणानंतर इटलीत गावोगावी व्यायामसंस्था निघाल्या. शरीर कमवावे, शिस्त अंगी बाणवावी आणि त्यातून नवे राष्ट्र घडवावे, हा त्यांचा हेतू. त्यांच्या नावांतून लॅटिनचा आणि देशभक्तीचा मिलाफ वारंवार आढळतो. व्हेर्चेल्लीतील संस्था १८९२ साली दोमेनिको लुप्पी या व्यायामशिक्षकांनी स्थापन केली, आणि तिच्यात फुटबॉलची शाखा १९०३ साली मार्चेल्लो बेर्तिनेत्ती यांनी सुरू केली. बेर्तिनेत्ती स्वतः फुटबॉल खेळत, पुढे डॉक्टर झाले. पण जगाला ते माहीत आहेत ते तलवारबाज म्हणून. १९०८ च्या ऑलिंपिकमध्ये रौप्य आणि १९२४ व १९२८ मध्ये सुवर्ण अशी पदके त्यांनी सांघिक तलवारबाजीत मिळविली. म्हणजे ज्या संघाला आपण ‘गावातली साधी पोरे’ म्हणून ओळखतो, त्याचा पाया एका शिक्षकाने आणि एका भावी डॉक्टराने, व्यायामशास्त्राच्या त्या काळच्या अत्याधुनिक कल्पनांवर घातला होता. कथेचे पहिले अडखळणे हे असे आहे.

तोवर इटलीतील फुटबॉल हा प्रामुख्याने बंदरांतल्या आणि कारखान्यांच्या शहरांतल्या परदेशी रहिवाशांचा खेळ होता. जेनोआचा संघ १८९३ साली इंग्रजांनी काढला, मिलानचा १८९९ साली. दुसऱ्या संघाचा प्राण असलेला हर्बर्ट किल्पिन हा नॉटिंगहॅमचा. देशातील पहिली अजिंक्यपद स्पर्धा ८ मे १८९८ रोजी तुरिनमध्ये अवघे चार संघ घेऊन एका दिवसात उरकली होती. प्रो व्हेर्चेल्लीने १९०७ साली दुय्यम गटाची स्पर्धा जिंकली आणि पुढच्याच वर्षी, मुख्य स्पर्धेतील पदार्पणातच, ती जिंकली. त्यानंतर १९०९, १९११, १९१२ आणि १९१३. या संघाच्या खेळात फार लालित्य नव्हते असे म्हणतात. व्यायामशाळेत कमावलेला दम, घोटून घेतलेल्या चाली आणि अंगावर जाण्याची तयारी, ही त्यांची शिदोरी. हौशी खेळाडूंच्या त्या काळात कसून सराव करणे हीच मोठी नवलाई होती.

आता दुसरे अडखळणे. १९०८ चे ते पहिले विजेतेपद कसे मिळाले? त्या वर्षी फुटबॉल महासंघाने स्पर्धेची दोन शकले केली. एकीत परदेशी खेळाडूंना मुभा होती आणि दुसरी केवळ इटालियनांसाठी होती. राष्ट्रीय विजेता ठरणार होता तो दुसऱ्या स्पर्धेतून. या निर्णयाच्या निषेधार्थ जेनोआ, तोरिनो आणि मिलान हे प्रबळ संघ बाजूला झाले. त्याच वादातून मिलानमध्ये फूट पडून मार्च १९०८ मध्ये ‘इंटर’ हा संघ जन्माला आला. परदेशी खेळाडूंनाही दार उघडे असावे, हे त्याच्या नावातच सुचविलेले आहे. तेव्हा प्रो व्हेर्चेल्लीचा पहिला मुकुट हा काही अंशी वगळण्याच्या नियमाने बहाल केलेला होता, हे मान्य करायला हवे. न्यायाच्या दृष्टीने हेही सांगायला हवे, की पुढच्याच वर्षी परदेशी खेळाडूंना मुभा असलेल्या स्पर्धेत उतरून त्यांनी ती अकरा इटालियनांनिशी जिंकली, आणि शंकेखोरांची तोंडे बंद केली. पण ‘शुद्ध देशी संघ’ ही जी प्रतिमा पुढे राष्ट्रवादी लेखणीला इतकी प्रिय झाली, तिच्या मुळाशी एक कागदी नियम होता, हे विसरून चालत नाही.

१९१० चा प्रसंग तर नाटकात शोभावा असा आहे. प्रो व्हेर्चेल्ली आणि इंटर समान गुणांवर थांबले आणि निर्णायक सामना २४ एप्रिलला व्हेर्चेल्लीत ठरला. प्रो व्हेर्चेल्लीचे काही खेळाडू एका लष्करी स्पर्धेत गुंतले होते. तारीख बदलण्याची विनंती फेटाळली गेली. तेव्हा क्लबने निषेध म्हणून मैदानात उतरवली ती आपली किशोरवयीन मुले. इंटरने १० गोल केले. मुलांनीही तीन केले. इंटरचे पहिले विजेतेपद हे असे. महासंघाने प्रो व्हेर्चेल्लीवर बंदी घातली, आणि त्यामुळे १५ मे १९१० रोजी इटलीचा राष्ट्रीय संघ आपला पहिलावहिला सामना मिलानमध्ये फ्रान्सविरुद्ध खेळला, तेव्हा त्यात देशातील सर्वोत्तम गणल्या जाणाऱ्या संघाचा एकही खेळाडू नव्हता. गंमत अशी, की त्या दिवशी राष्ट्रीय संघाच्या अंगात पांढरे सदरे होते. प्रसिद्ध निळा रंग आला तो जानेवारी १९११ मध्ये. तीन वर्षांनी चित्र पालटले. १ मे १९१३ रोजी तुरिनमध्ये बेल्जियमविरुद्ध इटलीच्या अकरांपैकी नऊ खेळाडू प्रो व्हेर्चेल्लीचे होते, आणि सामन्यातला एकमेव गोल केला तो त्यांच्यातल्याच गीदो आरा याने.

या आरा याच्या तोंडी एक उक्ती घातली जाते, की फुटबॉल हा काही नाजूक मुलींचा खेळ नव्हे. इटलीत ती म्हणीसारखी झाली आहे. येथे आम्हांला थोडे थांबावेसे वाटते. कारण ज्या नगरात ही उक्ती उच्चारली गेली, त्याचे वैभव कोणाच्या श्रमावर उभे होते? दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडी भाताच्या निंदणीसाठी हजारो स्त्रिया या प्रदेशात येत. त्यांना ‘मोंदीने’ म्हणत. काही आसपासच्या, पण पुष्कळशा एमिलिया, लोंबार्दी, व्हेनेतो अशा दूरच्या प्रदेशांतून आलेल्या. दिवसचे दिवस गुडघाभर पाण्यात कमरेत वाकून काम, डासांचा उपद्रव, मलेरिया. १९०६ साली, म्हणजे प्रो व्हेर्चेल्लीच्या पहिल्या विजेतेपदाच्या दोन वर्षे आधी, या स्त्रियांनी मोदेस्तो कुन्योलिओ या समाजवादी वकिलाच्या साहाय्याने व्हेर्चेल्लीत आठ तासांच्या कामाच्या दिवसाची मागणी मान्य करून घेतली. देशभरासाठी तसा कायदा व्हायला १९२३ साल उजाडावे लागले. तेव्हा दमाची, जिद्दीची आणि एकजुटीची कसोटी व्हेर्चेल्लीत केवळ मैदानावर लागत होती असे नाही. ‘सगळे आपल्या गावचे’ असा ज्या संघाचा गौरव होतो, त्या गावाच्या खाचरांत मात्र बाहेरगावच्या बायका राबत होत्या. फुटबॉलच्या इतिहासात त्यांना जागा मिळत नाही. मिळाली ती सिनेमात. जुझेप्पे दे सान्तीस यांचा ‘रिझो आमारो’ (१९४९) हा चित्रपट व्हेर्चेल्लीजवळच्याच एका शेतवाडीवर चित्रित झाला. आणि त्यात सैनिकाची भूमिका करणारा राफ व्हाल्लोने हा नट होण्यापूर्वी तोरिनोचा फुटबॉलपटू होता.

विलापिका आणखी एका गोष्टीकडे दुर्लक्ष करते, ती म्हणजे शेजार. प्रो व्हेर्चेल्ली हे एकाकी बेट नव्हते. व्हेर्चेल्ली, कासाले, नोव्हारा आणि आलेस्सांद्रिया या पिएमोंतेतील चार मध्यम नगरांना फुटबॉलच्या इतिहासात ‘चौकोन’ म्हणून ओळखतात. कासालेचा संघ १९०९ साली राफाएले याफ्फे या शाळाशिक्षकांनी उभा केला, आणि व्हेर्चेल्लीच्या पांढऱ्या रंगाला उत्तर म्हणून काळा सदरा व छातीवर पांढरा तारा निवडला. मे १९१३ मध्ये रेडिंग हा इंग्लंडचा व्यावसायिक संघ इटलीच्या दौऱ्यावर आला, तेव्हा कासालेने त्याला २-१ असे हरविले; इंग्रज व्यावसायिक संघाला नमविणारा तो पहिला इटालियन क्लब. त्याच रेडिंगने त्याच दौऱ्यात विजेत्या प्रो व्हेर्चेल्लीला ६-० अशी धूळ चारली. पुढच्या वर्षी, १९१४ मध्ये, कासाले राष्ट्रीय विजेता झाला. याफ्फे ज्यू कुटुंबात जन्मले होते. १९४४ साली त्यांना आउशविट्झला नेण्यात आले आणि तेथेच त्यांची हत्या झाली. प्रांतिक फुटबॉलचा इतिहास म्हणजे शतकाच्या वादळांपासून दूर असलेला एक निवांत कोपरा, असे ज्यांना वाटते त्यांनी या शिक्षकाचे चरित्र आठवावे.

हा कोपरा जगापासूनही दूर नव्हता. १९१४ साली प्रो व्हेर्चेल्ली आणि तोरिनो हे संघ ब्राझीलच्या दौऱ्यावर गेले. साओ पाउलोत इटालियन स्थलांतरितांची मोठी वस्ती होती. या संघांना पाहून त्यांना आपलाही एक क्लब असावा असे वाटले, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ‘पालेस्त्रा इतालिया’ स्थापन झाला. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, नाव बदलणे भाग पडले तेव्हा तो ‘पाल्मेइरास’ झाला. आज जगभर गाजणाऱ्या त्या क्लबच्या जन्मकथेत या भातनगरीचे नाव आहे.

महायुद्धाने १९१५ ते १९१९ ही वर्षे गिळली. नंतर १९२१ आणि १९२२ अशी आणखी दोन विजेतेपदे आली. १९२२ मध्ये महासंघात फूट पडून दोन स्पर्धा झाल्या. एक प्रो व्हेर्चेल्लीने जिंकली, दुसरी नोव्ही लिगुरे या त्याहूनही लहान गावाच्या ‘नोव्हेसे’ संघाने. दोन्ही मुकुट लहान गावांकडे गेले. प्रांतिक नगरांचा एवढा वरचष्मा इटलीत पुन्हा दिसला नाही.

कारण पुढच्याच वर्षी व्हिर्जीनिओ रोझेत्ता गेला. हा बचावपटू १९२३ साली प्रो व्हेर्चेल्ली सोडून तुरिनच्या युव्हेंतुसमध्ये दाखल झाला. फियाट मोटारींचे मालक आन्येल्ली यांच्या घराण्यातील एदोआर्दो यांनी त्याच वर्षी युव्हेंतुसची सूत्रे हाती घेतली होती. रोझेत्ता व्यवसायाने हिशेबनीस होता, आणि नियम तर हौशी खेळाचे. व्यवहार ५०,००० लिऱ्यांच्या घरातला होता असे सांगतात. महासंघाने आक्षेप मान्य करून तो खेळलेले सामने युव्हेंतुसच्या विरोधात निकाली काढले. पण बांध एकदा फुटला तो फुटलाच. १९२६ च्या व्हियारेज्जो येथील सनदेने खेळाडूंना मोबदला देण्याची वाट अधिकृतपणे मोकळी केली, आणि १९२९ मध्ये देशभरासाठी एकच अव्वल श्रेणी, ‘सेरिए आ’, सुरू झाली.

येथे विलापिकेचा स्वर सर्वांत उंच चढतो. आणि येथेच आम्हांला सर्वांत जास्त सावध राहावेसे वाटते. पैशाने खेळ नासविला, हे म्हणणे सोपे आहे. पण रोझेत्ताच्या बाजूने पाहिले तर? त्याच्या पायांच्या जोरावर जमणाऱ्या गर्दीच्या तिकिटांचे पैसे तोवर कोणाकडे तरी जातच होते. ते फक्त त्याच्याकडे येत नव्हते. हौशी खेळाची शुद्धता ही ज्याला दुसरे उत्पन्न आहे त्याला परवडते. मोंदीनांनी आठ तास मागितले आणि खेळाडूंनी वेतन. यांपैकी एका मागणीला आपण न्याय म्हणावे आणि दुसरीला ऱ्हास, हे कितपत सुसंगत आहे? प्रो व्हेर्चेल्लीचे दुर्दैव एवढेच, की वेतन देण्याची ऐपत कारखान्यांच्या शहरात होती आणि भाताच्या नगरात नव्हती. संघ पडला तो शुद्ध होता म्हणून नव्हे. मैदानाबाहेरच्या अर्थव्यवस्थेत त्याच्या गावाची जागा जेथे होती, तेथे अखेर त्याचा खेळही जाऊन पोचला.

तरीही एक शेवटचा मोठा खेळाडू या मातीने दिला. सिल्व्हिओ पिओला याचा जन्म १९१३ साली जवळच्या रोब्बिओ गावचा. वयाच्या १६व्या वर्षी, १९३० मध्ये, तो प्रो व्हेर्चेल्लीकडून अव्वल श्रेणीत उतरला. ऑक्टोबर १९३३ मध्ये फिओरेंतिनाविरुद्ध त्याने एकट्याने सहा गोल केले. पिओलाला विकले की क्लबच्या अधोगतीला आरंभ होईल, असे अध्यक्षांनी बजावले होते अशी आख्यायिका आहे. १९३४ साली तो रोमच्या लात्सिओकडे गेला. महासंघाचे तत्कालीन प्रमुख जनरल जॉर्जो व्हाक्कारो हे लात्सिओशी निगडित होते, आणि त्यांचे वजन या व्यवहारात पडले असे सर्रास मानले जाते. पुढच्याच मोसमात प्रो व्हेर्चेल्ली अव्वल श्रेणीतून बाहेर पडला. १९३८ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पिओलाने दोन गोल केले. ‘सेरिए आ’तील त्याचा २७४ गोलांचा विक्रम अजून अबाधित आहे. कारकीर्दीच्या अखेरीस तो खेळला ते मात्र नोव्हाराकडून, १९५४ पर्यंत. आज व्हेर्चेल्लीच्या मैदानाला पिओलाचे नाव आहे आणि नोव्हाराच्याही. पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांशी झगडलेल्या या दोन नगरांतून कोणीही ते नाव सोडायला तयार झाले नाही.

त्यानंतरचा इतिहास विजेत्यांच्या यादीत येत नाही, म्हणून तो सहसा लिहिला जात नाही. १९४८ मध्ये दुसरी श्रेणीही सुटली. ती परत मिळायला २०१२ साल उजाडले. मधल्या काळात, २०१० साली, मूळ क्लब कर्जबाजारी होऊन बंदच पडला. त्याच नगरात ‘प्रो बेल्व्हेदेरे’ नावाचा दुसरा एक लहान संघ होता. त्याने मोठ्या भावाचे नाव, पांढरा रंग आणि परंपरा स्वीकारली, आणि ‘प्रो व्हेर्चेल्ली १८९२’ म्हणून तो मैदानात उतरला. कायद्याच्या भाषेत हा निराळा क्लब आहे. पण गॅलरीत बसणाऱ्यांनी तोच संघ मानला, आणि दोनच वर्षांत त्यांना दुसऱ्या श्रेणीचे दर्शन घडले. २०१८ मध्ये तो पुन्हा तिसऱ्या श्रेणीत उतरला.

मग क्लब म्हणजे नेमके काय उरते? खेळाडू जातात, मैदानाचे नाव बदलते, संस्था दिवाळखोर होते. आमच्या मते उत्तर त्या लॅटिन अव्ययातच आहे. ‘साठी’ हा शब्द कोणाला तरी आत घेतो आणि कोणाला तरी बाहेर ठेवतो. १९०८ मध्ये त्याने परदेशी खेळाडूंना बाहेर ठेवले. खाचरांतल्या बायकांना त्याने कधी मोजलेच नाही. आणि २०१० मध्ये एका परक्या संघाला त्याने आपले नाव दिले. या इतिहासाचा विलाप करण्यापेक्षा ‘व्हेर्चेल्लीसाठी’ म्हणताना कोणते व्हेर्चेल्ली अभिप्रेत होते, हे प्रत्येक वेळी विचारणे अधिक उचित ठरेल. लहान गावाला निरागस ठरवणे हा त्याचा सन्मान नव्हे. त्याला स्वतःचे हेवेदावे, अन्याय, शोध आणि पराभव होते असे मानणे, म्हणजे महानगरांचा इतिहास आपण जसा वाचतो तसाच त्याचाही वाचणे, हाच त्याचा सन्मान होय.